परक्या देशात आपला कागद खरा कसा ठरतो?

तुमच्या घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक जाडसर पिशवी असेल. तीत जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, दहावीची गुणपत्रके, आईवडिलांच्या लग्नाचे प्रमाणपत्र असे कागद जपून ठेवलेले असतात. पावसाळ्यात घरात पाणी शिरले, तर आई भांड्यांच्या आधी ही पिशवी उचलते. का बरे? कागद म्हणून त्याची किंमत चार आण्यांचीही नाही. पण त्यावर एक सही आणि एक शिक्का आहे, आणि त्या दोहोंमुळे तुमचे नाव, वय, शिक्षण या गोष्टी सरकारच्या लेखी खऱ्या ठरतात.

आता असे समजा, की सांगलीच्या एका मुलीला इटलीतील विद्यापीठात प्रवेश हवा आहे. ती आपले पदवी प्रमाणपत्र तिकडे पाठवते. तेथील कारकुनाने ते हातात घेतले. त्यावर कुलगुरूंची सही आहे. पण ही सही त्याने जन्मात कधी पाहिलेली नाही. असे विद्यापीठ आहे का, असले तर त्याचे कुलगुरू हेच का, शिक्का खरा की रबरी शिक्के करणाऱ्याच्या दुकानातून आणलेला, यातले त्याला काहीच ठाऊक नाही. मुलगी तर खरे बोलते आहे. पण खरे बोलणारी आणि खोटे बोलणारी अशा दोघींनी पाठवलेले कागद त्याच्या टेबलावर सारखेच दिसतात. मग त्याने काय करावे?

या प्रश्नावरचे जुने उत्तर होते साखळीचे. कुलगुरूंची सही राज्य सरकारातला एखादा अधिकारी ओळखतो, कारण तिचा नमुना त्याच्याकडे असतो. तो कागदावर लिहितो, ‘ही सही खरी आहे’, आणि खाली स्वतःची सही करतो. त्याची सही दिल्लीतले परराष्ट्र मंत्रालय ओळखते. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याची सही दिल्लीतली इटलीची वकिलात ओळखते. आणि वकिलातीतल्या अधिकाऱ्याची सही इटलीतले सरकार ओळखते. म्हणजे कागदाच्या पाठीवर सह्यांची एक रांग तयार होते. प्रत्येक जण आपल्या मागच्याला ओळखतो आणि पुढचा त्याला ओळखतो. गावात अनोळखी पाहुणा आला तर ‘हा कोणाकडचा?’ म्हणून आपण विचारतो, तसाच हा प्रकार.

साखळीची कल्पना चांगली आहे, पण ती लांब झाली की जड होते. एका कडीला आठवडा लागला, तर पाच कड्यांना महिना उलटतो. त्यातून, ज्या देशात जायचे त्याची वकिलात आपल्या देशात नसेल तर कागद तिसऱ्याच देशात पाठवावा लागे. तोवर प्रवेशाची तारीख निघून जाई.

थोडे गणित करून पाहू. समजा जगात १२५ देश आहेत, आणि प्रत्येक देशात दाखले देणारी १,००० कार्यालये आहेत. (हा आकडा मी सोयीसाठी घेतला आहे. आपल्या देशात तर ग्रामपंचायतीही जन्माचे दाखले देतात, तेव्हा खरी संख्या याच्या कितीतरी पट आहे.) साखळी नको म्हणून प्रत्येक देशाने इतर सर्व देशांच्या सर्व कार्यालयांच्या सह्यांचे नमुने स्वतःकडेच ठेवायचे म्हटले, तर १२४ × १,००० म्हणजे १,२४,००० नमुने सांभाळावे लागतील. अधिकारी बदलला की नमुना बदलणार. हे होणे नाही. वकिलातींवर काम सोपवले, तर प्रत्येक देशाची प्रत्येक दुसऱ्या देशात एक तपासणी खिडकी, म्हणजे १२५ × १२४ = १५,५०० खिडक्या लागतील. पण प्रत्येक देशाने ‘आमच्या सर्व कागदांसाठी आमचे हे एकच कार्यालय जबाबदार’ असे जाहीर केले, तर? मग प्रत्येक देशाला फक्त १२४ नमुने पुरतात.

हाच विचार नेदरलँड्समधील हेग शहरी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी झालेल्या करारात आहे. देशादेशांच्या खाजगी कायद्यांत मेळ घालण्यासाठी तेथे एक परिषद भरत असे. टोबियास आसेर या डच कायदेपंडिताच्या पुढाकाराने तिची पहिली बैठक १८९३ साली झाली होती, आणि त्याला १९११ साली शांततेचे नोबेल पारितोषिकही मिळाले. १९६१ चा करार २४ जानेवारी १९६५ पासून अमलात आला. आज सव्वाशेहून अधिक देश त्यात आहेत. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला. चीन तर अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये आला.

या करारानुसार कागदाला जे प्रमाणपत्र जोडतात त्याला ‘अपोस्टिल’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. त्याचा मूळ अर्थ समासात लिहिलेली टीप. नाव भारदस्त असले तरी वस्तू लहानशी आहे: एक चौकोन, ज्याची बाजू कमीत कमी ९ सेंटीमीटर असावी. त्यात दहा क्रमांकित ओळी असतात. देश कोणता, सही कोणाची, ती कोणत्या अधिकाराने केली, शिक्का कोणाचा, प्रमाणपत्र कोठे, केव्हा, कोणी दिले, त्याचा क्रमांक किती, आणि शेवटी शिक्का व सही. मजकूर देणाऱ्या देशाच्या भाषेत चालतो, पण वरचे शीर्षक मात्र फ्रेंचमध्येच हवे असा नियम आहे. त्यामुळे जपानचा अपोस्टिल असो की ब्राझीलचा, कारकुनाला तो पाहताक्षणी ओळखू येतो. ओळी क्रमांकित असल्याने भाषा येत नसली तरी आठव्या ओळीत प्रमाणपत्राचा क्रमांक आहे हे त्याला कळते. रचना ठरवून दिल्याने भाषेची अडचण किती कमी होते, हे यात पाहण्यासारखे आहे.

पण चाणाक्ष वाचक येथे मला अडवील. अपोस्टिलवरही सहीच आहे ना? मग ती सही खरी कशावरून? तिला आणखी एक प्रमाणपत्र, त्याला आणखी एक, असे कोठवर चालायचे? शंका रास्त आहे. कराराने तिचे उत्तर दोन कलमांत दिले आहे. एका कलमाने अपोस्टिलवरील सहीला पुढे कोणाच्याही दाखल्याची गरज नाही असे ठरवून साखळी तेथेच थांबवली. आणि दुसऱ्या कलमाने प्रत्येक अपोस्टिलचा क्रमांक, तारीख, सही करणाऱ्याचे नाव आणि पद यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. इटलीतल्या कारकुनाला शंका आली तर त्याने क्रमांक आणि तारीख कळवून विचारायचे, ‘हा तुमच्या वहीत आहे का?’ उत्तर देणे त्या कार्यालयावर बंधनकारक आहे. माझ्या मते या कराराचा खरा कणा ती वहीच आहे. चौकोनाची नक्कल कोणीही करील; दुसऱ्याच्या कार्यालयातील वहीत नोंद घालणे तितके सोपे नाही. अनेक देशांनी आता ही वही संगणकावर आणली आहे, त्यामुळे पत्र न पाठवता क्रमांक टाकून तपासता येते.

भारतात अपोस्टिल देण्याचे काम परराष्ट्र मंत्रालयाकडे आहे. त्याआधी शैक्षणिक आणि व्यक्तिगत कागदांची राज्य पातळीवर तपासणी होण्याची रीत आहे. म्हणजे साखळीचा देशातला भाग शिल्लक आहे, परदेशातला तेवढा तुटला. देश करारात नसेल तर मात्र जुनी रांग अजून लावावीच लागते. आपल्याकडचे कितीतरी लोक कामासाठी आखाती देशांत जातात. त्यांपैकी ओमान २०१२ साली, बहारीन २०१३ साली आणि सौदी अरेबिया २०२२ साली या करारात आला, तेव्हा तिकडे जाणाऱ्यांची एकेक फेरी वाचली. आणखी एक बारकावा आहे. नवा देश आला की जुन्या सदस्याला त्याच्यापुरती हरकत घेता येते. भारत सामील झाला तेव्हा जर्मनीने अशी हरकत घेतली होती. विश्वास ठेवण्याची सक्ती कोणावर नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण येथे मोठी माणसेही फसतात. अपोस्टिल कागदातील मजकूर खरा आहे असे म्हणत नाही. सही खरी आहे, सही करणाऱ्याला तो अधिकार होता आणि शिक्का त्याचाच आहे, एवढेच ते सांगते. गुणपत्रकात गणितात ९० गुण असतील, तर ‘हे गुणपत्रक खरोखर मंडळाच्या अधिकाऱ्याच्या सहीचे आहे’ इतकाच त्याचा अर्थ. तुमचे ९० गुण तिकडच्या किती गुणांबरोबर, तुमची पदवी तिकडे चालेल की नाही, हे ठरवणारे वेगळे असतात. याचा गैरफायदा घेणारेही आहेत. नुसती कागदावर असलेली एखादी संस्था पैसे घेऊन पदवी विकते. त्या पदवीची छायाप्रत नोटरीपुढे ठेवतात. प्रत मुळाबरहुकूम आहे असे नोटरी लिहितो. त्या नोटरीच्या सहीला अपोस्टिल मिळतो. मग सोनेरी किनारीच्या चौकटीत ते सारे लावून ‘आमची पदवी आंतरराष्ट्रीय मान्यतेची’ अशी जाहिरात करतात. साखळीतली प्रत्येक कडी खरी, आणि पदवी खोटी! म्हणून कोणी अपोस्टिल दाखवला तर पहिला प्रश्न विचारावा, की दुसऱ्या ओळीत नाव कोणाचे आहे.

गोव्यातील वाचकांना हा विषय घरचा वाटेल. ज्या १९६१ साली हेगचा करार झाला, त्याच वर्षी सुमारे अडीच महिन्यांनी, १९ डिसेंबरला, गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्याआधी तेथे जन्मलेल्यांची नोंद पोर्तुगीज राजवटीच्या दप्तरात, पोर्तुगीज भाषेत आहे. अशा व्यक्ती आणि त्यांची पुढची पिढी आपल्या जन्माची नोंद पोर्तुगालमध्ये करून घेऊ शकतात, आणि त्यासाठी गोव्यातील दाखले तिकडे अपोस्टिलसह पाठवले जातात. येथे अडचण सहीची नसते, नावाची असते. जुन्या नोंदीत प्रभूंचे ‘पोरोबो’ झालेले असते, कामतांचे ‘कामोतिम’. आजोबा पोरोबो, वडील प्रभू, आणि नात शाळेच्या दाखल्यावर आणखी तिसऱ्याच वर्णलेखनाने. तिन्ही कागद अस्सल आहेत, तिन्हींवर खरे शिक्के आहेत, पण हे एकच कुटुंब आहे हे कोणताच शिक्का सांगत नाही. ते वेगळे सिद्ध करावे लागते. तुमच्या दाखल्यावरील नावातले एक अक्षर चुकले असेल तर ते शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या, असे शिक्षक सांगतात ते उगाच नव्हे.

हे सारे ज्यांच्या पाठीशी सरकार आहे त्यांच्यापुरते झाले. पण सरकारनेच हात झटकले तर? १९२१ साली रशियाच्या नव्या राजवटीने देश सोडून गेलेल्या लाखो लोकांचे नागरिकत्व काढून घेतले. त्यांच्याकडचे जुने पासपोर्ट एका दिवसात रद्दी झाले. काम मिळेना, सरहद्द ओलांडता येईना, परतही जाता येईना. या लोकांची व्यवस्था राष्ट्रसंघाने ज्याच्याकडे सोपवली तो माणूस शास्त्रज्ञ होता. फ्रिट्यॉफ नान्सेन हे त्याचे नाव. नॉर्वेचा हा प्राणिशास्त्रज्ञ मज्जातंतूंच्या रचनेवर प्रबंध लिहून १८८८ साली डॉक्टर झाला, त्याच वर्षी ग्रीनलंड बर्फावरून पार करून गेला, आणि पुढे ‘फ्राम’ नावाचे जहाज ध्रुवीय बर्फात मुद्दाम अडकवून घेऊन त्याने सागरी प्रवाहांचा अभ्यास केला. १८९५ साली तो उत्तरेस ८६ अंशांच्या पलीकडे पोहोचला होता. नान्सेनने १९२२ साली जिनिव्हाच्या परिषदेत देशांना एका ओळखपत्रावर राजी केले. हा कागद तुम्हाला नागरिकत्व देत नव्हता. सुरुवातीला तो देणाऱ्या देशात परतण्याचा हक्कही देत नव्हता. ‘हा माणूस अमुक आहे’ एवढेच तो सांगे. पण पन्नासहून अधिक सरकारांनी तो मान्य केला, आणि ‘नान्सेन पासपोर्ट’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला. संगीतकार स्त्राविन्स्की आणि राखमानिनोव, लेखक नाबोकोव यांनी त्यावर प्रवास केला. त्यांच्याबरोबर सुतार, शिंपी, शिक्षक अशा हजारो अनामिकांनीही. कागदाच्या मागे एखादे राष्ट्र नसले, तरी इतरांनी तो मानायचे ठरवले की तो चालतो, हे नान्सेनने दाखवून दिले. त्याच वर्षी त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता यंत्राकडे वळू. पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या. रोमन अक्षरे, अंक आणि रिकाम्या जागी कोनाकार चिन्हे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८० पासून ठरवून दिलेली ही रचना आहे, आणि ती जगातले कोणतेही विमानतळ वाचू शकते. दुसऱ्या ओळीत पासपोर्टचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यांच्यानंतर एकेक जादा अंक असतो. त्याला तपासणी अंक म्हणू. तो कसा काढतात ते करून पाहा. घरी पासपोर्ट नसला तरी चालेल.

तारीख घेऊ १५ ऑगस्ट १९४७. ती वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ४७०८१५ अशी लिहितात. या अंकांना डावीकडून ७, ३, १, ७, ३, १ यांनी गुणायचे आणि बेरीज करायची: २८ + २१ + ० + ५६ + ३ + ५ = ११३. बेरजेला १० ने भागून उरणारी बाकी, म्हणजे ३, हा तपासणी अंक. आता टंकलेखकाने शेवटचे दोन अंक उलटे मारले, ४७०८५१, असे समजा. बेरीज येते १२१, बाकी १. तीन हवे होते, एक आला. यंत्र लगेच कुरकुर करते.

गुणायला ७, ३ आणि १ हेच का घेतले? ५ घेतला असता तर? प्रत्येक सम अंकाची पाचपट दहाच्या पाढ्यात येते, त्यामुळे २ च्या जागी ८ पडला तरी चूक कळली नसती. ७, ३ आणि १ यांना १० शी १ खेरीज सामाईक विभाजक नाही, म्हणून कोणताही एकच अंक चुकला तर ती चूक नक्की सापडते. अंकांची अदलाबदल मात्र प्रत्येक वेळी सापडत नाही. ४७०८१६ आणि ४७०८६१ यांचे तपासणी अंक काढून बघा. दोन्हींची बाकी ४ येते. शेजारच्या अंकांत ५ चा फरक असला की असे का होते, हे शिक्षकांनी नववी-दहावीच्या वर्गाला जरूर विचारावे.

पण ही युक्ती हात चुकणाऱ्याला पकडते, लबाडाला नाही. तारीख बदलणारा तपासणी अंकही बदलेल. लबाडाला अडवायचे तर असे काहीतरी हवे, की जे फक्त खऱ्या अधिकाऱ्यालाच करता येईल, पण तपासता मात्र कोणालाही येईल. हाताच्या सहीत हा गुण अर्धवटच असतो. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी तो अंकगणितातून मिळवला. चिपचे पासपोर्ट आणि संगणकावरचे अपोस्टिल ज्या अंकीय सहीवर चालतात, तिचा हा एक मूळ प्रकार आहे. भारताने चिपच्या पासपोर्टची चाचणी एप्रिल २०२४ मध्ये नागपूर आणि भुवनेश्वर येथे सुरू केली. तेथेही रचना हेगच्या कराराचीच आहे: प्रत्येक देशाची एक मूळ किल्ली, आणि तिने प्रमाणित केलेल्या कार्यालयांच्या किल्ल्या.

लहान संख्या घेऊन ही सही तुम्हालाही करता येईल. अधिकाऱ्याने दोन मूळ संख्या निवडल्या, ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३. त्याने जगाला जाहीर केले, ‘माझी संख्या ३३, आणि तपासायचा घात ३.’ सही करण्याचा घात ७ मात्र त्याने स्वतःजवळ ठेवला. कागदाचा मजकूर एका ठरावीक रीतीने आटवून त्याची संख्या ४ आली असे समजा. अधिकारी ४ चा सातवा घात काढतो: १६,३८४. त्याला ३३ ने भागून बाकी राहते १६. हीच सही. इटलीतला कारकून १६ चा तिसरा घात काढतो: ४,०९६. ३३ ने भागून बाकी ४. मजकुराची संख्याही ४. सही पटली! कोणी मजकुरात खाडाखोड केली आणि त्याची संख्या ५ झाली, तर सहीतून ४ च निघेल आणि बनाव उघडा पडेल.

सातची गुप्त किल्ली शोधायची तर ३३ चे अवयव पाडावे लागतात. ते तुम्ही तोंडी पाडाल. म्हणून प्रत्यक्षात सहाशेहून अधिक अंकी संख्या घेतात. तिचे अवयव पाडण्याची सोपी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही.

आता मजकुराची संख्या ५ घेऊन सही करा. ५ चा सातवा घात ७८,१२५ येतो, आणि सही १४ यायला हवी. मग वही शेजारच्या मित्राला द्या आणि ३ व ३३ एवढेच सांगून त्याला ती तपासू द्या.